खांबाच्या माथ्यावरून

रसायनशाळेच्या भिंतीला चौतीस खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर एकतीस पांढरे कोट. सव्वीस मुलांच्या मापाचे, दोन आम्लाने भोकं पडलेले, एक कुणाच्या तरी विसरलेल्या सँडविचमुळे हात लावण्यासारखा न राहिलेला, आणि दोन मोठ्या माणसांच्या अंगाला येतील असे. ब्लॉनिद टूहीने ते दोन काढून टेबलावर ठेवले. कोट दोन मिळाले, पण त्यांत शिरायला माणूस एकच होतं – ती स्वतः. सामना सुरू व्हायला अठरा मिनिटं उरली होती.

हर्लिंग म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश खेळ; त्याच्या सामन्यात प्रत्येक गोलच्या दोन खांबांपाशी एकेक पंच उभा राहतो, पांढऱ्या कोटात. चारही पंच यजमान शाळेने द्यायचे असतात. पलीकडच्या गोलसाठी दोन पालक आले होते. एकाने घरून खाटीककामाचा कोट आणला होता, दुसऱ्याने दंतवैद्याचा. अलीकडच्या गोलसाठी ब्लॉनिदने शिक्षकांच्या खोलीत चार दिवस एक कागद लावून ठेवला होता. कॅरिगलॉन कॉलेज या शाळेत एक्केचाळीस शिक्षक. कागदावर एकच नाव लिहिलं गेलं, आणि ते शाळेच्या मांजराचं.

त्यात नवल नव्हतं. डब्लिनच्या दक्षिणेला समुद्राकाठी उभी असलेली ही शाळा सव्वाशे वर्षं रग्बी खेळत आली होती. जिन्याच्या भिंतीवर सगळे फोटो रग्बीचे, नाश्त्याला गप्पा रग्बीच्या. सप्टेंबरात पश्चिमेकडच्या क्लेअरहून नव्याने आलेली ही चोवीस वर्षांची रसायनाची शिक्षिका गाडीच्या डिकीत एकोणीस हर्ल्या घेऊन आली – हर्ली म्हणजे ॲशच्या लाकडाची, टोकाला रुंद होणारी काठी – आणि दर बुधवारी दुपारी मुलांना ती हातात धरायला शिकवू लागली, तेव्हा बऱ्याच जणांनी भुवया चढवल्या होत्या.

दार उघडलं.

"बर्फ मिळेल का? एका पोराचा घोटा सुजलाय."

दारात टिअर्नन ब्रॉफी उभा होता. भूगोल शिकवायचा, चौदा वर्षांखालच्यांना रग्बी शिकवायचा, स्वतः याच शाळेत वाढलेला. सहा आठवड्यांत दोघांमध्ये 'गुड मॉर्निंग'च्या पलीकडे शब्द गेला नव्हता.

"मिळेल," ब्लॉनिद म्हणाली. "छाती किती?"

"काय?"

"छातीचं माप. इंचांत सांगितलंत तरी चालेल."

"...बेचाळीस."

"मग येईल." तिने कोट उघडून धरला. "हात मागे करा."

इतक्या सरळ आवाजात सांगितल्यावर माणूस हात मागे करतोच. कोट अंगात गेल्यावर त्याला प्रश्न सुचला. "मी नक्की काय करतोय?"

"बर्फ पोचवताय, मग माझ्याबरोबर गोलपाशी उभे राहताय. दीड तास."

"अच्छा... तुम्ही त्या काठीवाल्या बाई!"

"आणि तुम्ही ते अंड्यामागे धावणारे मास्तर. आमचा चेंडू निदान गोल तरी आहे."

तो हसला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या होत्या. त्याने त्या ओढून पाहिल्या, मग नाद सोडला. "मला तुमचे नियम येत नाहीत."

"तीन गोष्टी. चेंडू आडव्या दांड्याच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला – एक गुण, पांढरं निशाण वर. दांड्याखालून जाळ्यात गेला – गोल, म्हणजे तीन गुण, हिरवं निशाण. बाहेर गेला, तर दोन्ही हात डोक्यावर असे फुलीसारखे. बस."

"बस?"

"बस."

गोष्टी चार होत्या. घाईत ती चौथी सांगायची विसरली.

*

नवव्या मिनिटाला कॅरिगलॉनच्या एका पोराने चाळीस मीटरवरून चेंडू उचलला आणि मारला. वारा समुद्राकडून येत होता. चेंडू त्यावर स्वार होऊन आडव्या दांड्याच्या वर, खांबांच्या अगदी मधून गेला. हर्लिंगमधला शाळेचा पहिलावहिला गुण.

पांढरं निशाण टिअर्ननच्या पायाशी होतं, हिरवं ब्लॉनिदच्या. पण टिअर्ननचं अंग रग्बीचं. रग्बीत किक खांबांमधून गेली की मागे उभा असलेला पंच हात उंच करतो. त्याने उजवा हात आभाळात नेला आणि ऐटीत तसाच धरून ठेवला. रेफरीने मान डोलावली, शिट्टी फुंकली, आणि पासष्ट मीटरच्या रेषेकडे बोट दाखवलं.

"निशाण! अहो, निशाण!" ब्लॉनिद ओरडली. वाऱ्याने आवाज मागच्या मागे उडवून नेला. ती पोचेपर्यंत पासष्टवरून फटका मारून झाला होता. तो बाहेर गेला.

बाजूच्या रेषेवरून पॅकी लॅव्हिन धावत आला. पॅकी शाळेचा मैदानवाला. मूळचा हर्लिंगसाठी नावाजलेल्या गॉलवेचा, एकतीस वर्षं याच शाळेचं रग्बीचं गवत कापलेला; आणि एकतीस वर्षं त्याने गवत कापायच्या यंत्रामागे स्वतःची हर्ली लपवून ठेवली होती, हे ब्लॉनिद येईपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. खेळाडूंना ओरडायचं काम आता त्याच्याकडे होतं.

"मास्तर! सव्वाशे वर्षांतला पहिला गुण, आणि तो तुम्ही खाल्लात?"

"मी तर हात वर केला! झाला म्हणून!"

"आमच्यात हात वर म्हणजे बचाव करणाऱ्याला लागून बाहेर गेला," ब्लॉनिद म्हणाली. "ते... मी सांगायचं राहिलं."

टिअर्ननने आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो हात दुसऱ्या हाताने धरून खाली आणला – एखाद्या वांड पोराला कान धरून बसवावं तसा. ब्लॉनिदने तोंड फिरवलं. सामना चालू असताना पंचाने हसू नये.

कॅरिगलॉन तो मैत्रीचा सामना सतरा गुणांनी हरलं. कोट परत देताना टिअर्नन म्हणाला, "पुढचा कधी आहे?"

"कशाला?"

"खाल्लेला गुण पचत नाहीये."

*

तेव्हापासून तो येत राहिला. बुधवार दुपार, कोट, निशाण, खांब. हर्लिंगच्या गोलच्या दोन खांबांत साडेसहा मीटर अंतर. खेळ पलीकडच्या टोकाला गेला की त्या साडेसहा मीटरवरून बोलायला मुबलक वेळ मिळे. जवळ जायची मात्र सोय नव्हती, पंचाने खांब सोडायचा नसतो. त्यामुळे जे काही बोलायचं ते थोडं मोठ्याने, समोर बघत, ओठ फारसे न हलवता.

"टूहीबाई, तुमच्या नाकाच्या टोकावर पावसाचा थेंब आहे. अर्ध्या तासापासून."

"मोजत बसलात वाटतं?"

"दुसरं काय आहे बघायला? आपली पोरं चेंडू इकडे आणतच नाहीत."

"आपली?"

तो गप्प. मग, "तुमची... असं म्हणायचं होतं."

नोव्हेंबरात सूचनाफलकावर एक अर्ज लागला आणि तिला त्याचं ते गप्प बसणं आठवलं. मुख्याध्यापिका मिसेस लॅम्बर्ट यांनी सप्टेंबरातच अट घातली होती : लीगचे चार सामने, त्यांत निदान एक विजय. नाही मिळाला, तर पुढच्या वर्षापासून बुधवारचं मैदान रग्बीकडे परत आणि हर्ल्या कोठीत. आता रग्बीकडून त्या मैदानासाठी अर्जही आला होता. खाली सही : टी. ब्रॉफी.

पुढच्या बुधवारी तिने समोर बघतच म्हटलं, "तुमची सही पाहिली."

"लपवली नव्हती मी."

"नाही. फलकावरच होती."

"चाळीस पोरं आहेत माझी, ब्लॉनिद. अर्ध्या मैदानावर खेळतात. त्यांच्यासाठी जागा मागणं माझं काम आहे."

त्याने तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती, आणि तीही भांडणात. तिला राग नीट धरता येईना. "मग इथे माझ्या गोलपाशी कशाला उभे राहता?"

"इथून मैदान छान दिसतं," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

"मैदान त्या बाजूला आहे."

"हो का..."

पहिला लीग सामना हरले, पण नऊ गुणांनी. दुसरा चार गुणांनी. तिसरा बरोबरीत सुटला, आणि त्या दिवशी पॅकीने टोपी काढून आभाळात उडवली ती ओढ्यात पडली. सुरुवातीला बावीस मुलं होती. फेब्रुवारीत एक्कावन्न झाली. रग्बीच्या पहिल्या संघातला किक मारणारा सेनन, सतरा वर्षांचा, शाळेतला सगळ्यात भाव खाणारा पोरगा, तो एका बुधवारी हर्ली मागायला आला आणि महिन्याभरात हर्लिंगचा कप्तान झाला. जेवणाच्या सुट्टीत विटांच्या भिंतीवर चेंडू आपटल्याचा टपटप आवाज ऐकू यायचा. रसायनशाळेत तास चालू असताना खिडकीतून तो आवाज आला की ब्लॉनिद फळ्याकडे तोंड करायची; बाईंना इतकं खूश झालेलं वर्गाने बघू नये.

टिअर्ननने स्वतःची काठी घेतली नाही. पण एकदा ती लवकर आली, तेव्हा तो पॅकीबरोबर खांबाची उंची मापत होता आणि दोघं कुठला चेंडू आत धरायचा यावर हमरीतुमरीवर आले होते.

"खांबाच्या माथ्यावरून गेला तर?" टिअर्नन विचारत होता.

"तर मनातल्या मनात खांब ढगापर्यंत वाढवायचा, मास्तर, आणि बघायचं."

"हे तर आमच्यासारखंच की!"

"तुम्ही आमचं चोरलंत," पॅकी म्हणाला.

*

चौथा आणि शेवटचा सामना मार्चच्या दुसऱ्या बुधवारी, घरच्या मैदानावर, बॅलिन्होनच्या शाळेशी. कुंपणाला लागून तीनशेच्या आसपास माणसं होती; आजवर हर्लिंगला साठाच्या वर कुणी आलं नव्हतं. चौदा वर्षांखालचा रग्बीचा अख्खा संघ ओळीत उभा होता. निकाल काय लागतो यावर त्यांचं मैदान अवलंबून, तरी ती पोरं कॅरिगलॉनच्या नावाने घसा फोडत होती.

टिअर्नन खांबाकडे जाताना तिच्याजवळ थांबला. कोटाच्या बाह्या अजूनही चार बोटं आखूड.

"आज तुम्ही जिंकायलाच हवं," तो हळूच म्हणाला. "काहीही झालं तरी."

"आणि तुमचा अर्ज?"

"अर्ज काय... कागद आहे." इतकं बोलून तो लाल झाला आणि आपल्या खांबाकडे निघून गेला.

साठाव्या मिनिटाला दोन्हीकडे बारा-बारा. बरोबरी पुरेशी नव्हती. कॅरिगलॉन आता याच गोलवर हल्ला करत होतं. बाजूच्या रेषेजवळून, अवघड कोनातून, सेननला मोकळा फटका मिळाला. रेफरीने घड्याळ पाहिलं. हा शेवटचा.

सेननने चेंडू काठीच्या टोकाने उचलला, हवेत टांगला आणि मारला.

चेंडू खूप उंच गेला. खांबांच्या माथ्यापेक्षा वर, आणि टिअर्ननच्या खांबाच्या बरोब्बर दिशेने. ब्लॉनिद आपल्या खांबापासून पाहत होती. शेवटच्या क्षणी वाऱ्याने त्याला ढकललं आणि तिला तो दूर, बाहेर सरकताना दिसला. "वाइड!" बॅलिन्होनचा गोलरक्षक हात पसरून ओरडला.

टिअर्नन खांबाला पाठ टेकून सरळ वर बघत होता. मान इतकी मागे की गळ्याची घाटी दिसत होती. एक क्षण तो हलला नाही. मग वाकला, आणि पांढरं निशाण उचललं.

रेफरीची लांब शिट्टी. कॅरिगलॉन एक गोल दहा गुण, बॅलिन्होन दोन गोल सहा गुण. तेरा-बारा.

मैदान माणसांनी भरून गेलं. पॅकी रडत होता. मिसेस लॅम्बर्ट चिखलात बूट रुतवत आल्या आणि ब्लॉनिदचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "बुधवार तुमचा, मिस टूही. अभिमान वाटला." पोरं तिला खांद्यावर घ्यायला बघत होती. ती हसत होती, सगळ्यांशी बोलत होती. आणि आत एक काटा सलत होता.

सगळे पांगल्यावर ती त्याच्या खांबाशी गेली.

"आत होता?"

"निशाण वर गेलं ना!" तो अजून आनंदात होता.

"निशाणाचं नाही, चेंडूचं विचारतेय."

त्याचं हसू विरलं. "म्हणजे?"

"मला तो बाहेर जाताना दिसला."

"मला आत दिसला."

"सामन्याआधी म्हणालास... काहीही झालं तरी." 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "तू मला तो गुण दिलास का, टिअर्नन?"

तिच्या गावात तीस वर्षांपूर्वी एका पंचाने बाहेरचा चेंडू आत म्हटला होता. गाव त्याला अजून 'दीडखांब्या' म्हणतं. त्याच्या मुलाला 'दीडखांब्याचा'. पोरांना उद्या कुणी असं हिणवलेलं तिला चालणार नव्हतं. आणि समोरचा माणूस... तो असला निघालेला तर अजिबातच नाही.

टिअर्ननने कोट काढला, नीट घडी केली, कठड्यावर ठेवला.

"तुला द्यावंसं वाटतं असं बरंच आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "त्यात गुण नाही."

आणि गेला.

*

गुरुवारी मोकळ्या तासाला ब्लॉनिदने आलेखाचा कागद घेतला. दोन खांब काढले. आपल्या खांबाच्या पायथ्याशी एक टिंब – तिचा डोळा. समोरच्या खांबाच्या माथ्यावर दोन चेंडू, एक वीतभर आत, एक वीतभर बाहेर. डोळ्यापासून दोन्हींना रेषा ओढल्या, आणि पेन्सिल थांबली.

दोन्ही रेषा जवळजवळ एकच होत्या. तिच्या जागेवरून आत आणि बाहेर यांत डावं-उजवं असा फरकच नव्हता, फक्त जवळ-लांब असा होता. आणि मोकळ्या आभाळात इतक्या उंचीवर एवढंसं जवळ-लांब माणसाच्या डोळ्याला कळत नाही. तिला जे 'दिसलं' होतं, ते तिला दिसणं शक्य नव्हतं. ती भीती होती. डोळ्यांच्या वाटेने आलेली.

म्हणजे तो बाहेर होता याला पुरावा नाही. पण तो आत होता याला तरी कुठे होता?

शुक्रवारी शिक्षकांच्या खोलीत ती त्याच्या टेबलाशी उभी राहिली. "उद्या दहाला खांबाशी येता का?"

"चौकशी?"

"प्रयोग. चौकशीत माणूस तपासतात. मला फक्त नजर तपासायचीय. तुमची आणि माझीही."

त्याने वह्यांवरून मान वर केली नाही. "बुधवारी भांडताना 'तू' म्हणालीस ते बरं वाटलं होतं."

"...उद्या दहाला ये," ती म्हणाली.

*

शनिवारी ऊन होतं, वारा बेताचा. पॅकी मोठी बादली भरून चेंडू घेऊन आला, स्वतःची जुनी हर्ली घेऊन. ब्लॉनिदने टिअर्ननच्या खांबाच्या पायथ्याशी स्वतःचा फोन उताणा ठेवला, कॅमेरा सरळ आभाळाकडे. आणि चेंडू आदळू नये म्हणून त्यावर रसायनशाळेतली जाड काचेची थाळी पालथी घातली. चित्रण सुरू केलं. कॅमेऱ्यात खांब मधोमध उभा दिसत होता. चेंडू त्याच्या आतून गेला की बाहेरून, यावर वाद उरणार नव्हता.

"पॅकीने मारायचं. माथ्यावरून गेलेलेच चेंडू धरायचे, वीस होईपर्यंत. प्रत्येकाने आपला निकाल आपल्या कागदावर लिहायचा. बोलायचं नाही, हात हलवायचा नाही."

"विशेषतः उजवा," पॅकी म्हणाला.

टिअर्नन फोनची थाळी सरळ करायला गेला तसा पॅकी तिच्याजवळ सरकला. "पोरी, हा सोळा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट सांगतो. पाहुण्या शाळेशी रग्बीचा सामना होता. हा खांबामागचा पंच, आणि शेवटची किक मारणारा याचाच थोरला भाऊ. पोराने हात खालीच ठेवला. शाळा हरली. भाऊ अख्खा उन्हाळा याच्याशी बोलला नाही. गवत कापता कापता मी बघितलंय."

ब्लॉनिदने पेन्सिल कागदावर टेकवली. "गोष्ट हा पुरावा नसतो, पॅकी."

"तुझ्याशी लग्न करणाऱ्याचं कसं होईल गं!"

"पॅकी!"

"मारतो, मारतो."

पासष्ट वर्षांच्या त्या माणसाने तीस मीटरवरून चेंडू मारायला सुरुवात केली. त्याच्या मनगटात अजून गॉलवे होतं. त्रेसष्ट चेंडू मारून झाले तेव्हा त्यांतले वीस खांबाच्या माथ्यावरून गेले होते. ब्लॉनिद प्रत्येक वेळी डोळे बारीक करून बघे, पेन्सिल कागदावर टेके, आणि थबके. पाचव्या चेंडूनंतर तिला कळून चुकलं की ती अंदाज बांधते आहे. समोर टिअर्नन खांबाला पाठ लावून उभा. चेंडू गेला की लगेच लिहायचा. एकदाही अडखळला नाही.

"झाले वीस," पॅकीने काठी खाली टेकवली. "खांदा गेला माझा. मी किटली ठेवतो. तुमचे हिशोब चालू द्या." आणि दोघांकडे आळीपाळीने बघून, उगाच शीळ घालत, तो यंत्रघराकडे गेला.

ब्लॉनिद साडेसहा मीटर चालत आली. टिअर्नन थाळी उचलायला वाकला.

"थांब," ती म्हणाली. "फोन उचलू नकोस."

"का?"

"निकाल बघण्याआधी एक सांगायचंय. नंतर सांगितलं, तर निकालामुळे सांगितलं असं होईल."

तो उभा राहिला. तिने आपला कागद घडी करून खिशात टाकला, परत काढला, परत टाकला.

"तू खोटं बोलला नाहीस. हे मला आत्ता, काहीही न मोजता माहीत आहे. बुधवारी विचारलं ते... विचारायला नको होतं, असं नाही म्हणणार. पोरांसाठी विचारावंच लागलं असतं. पण ज्या आवाजात विचारलं, त्याबद्दल माफ कर. नजर चुकली असेल, तर मी सोमवारी मिसेस लॅम्बर्टकडे जाईन. बुधवार परत देईन, अगदी तुझ्या पोरांना देईन. चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. चुकलेला तू मला चालेल."

"चालेल?"

"आवडशील," ती म्हणाली, आणि तिच्या गळ्यापर्यंत लाली चढली. "आवडतोस. ऑक्टोबरपासून. आता तू काहीतरी बोल, टिअर्नन, मला गप्प बसणं सहन होत नाही."

यंत्रघरातून किटली वाजल्यासारखा आवाज आला, किंवा पॅकीची शीळ असेल.

"परवा आईला विचारलं, क्लेअरला गाडीने किती वेळ लागतो," तो म्हणाला. "ती म्हणाली, मुलगी आहे का तिकडे? म्हटलं, मुलगी इकडेच आहे. पण विचारायला तिकडे जावं लागेल."

"अडीच तास," ब्लॉनिद म्हणाली. "माझ्या बाबांना रग्बी आवडत नाही, सांगून ठेवते."

"मग हर्लिंगचा पंच म्हणून ओळख करून दे."

"चांगला पंच की नुसताच पंच?"

"ते निकाल बघून ठरव." तो एक पाऊल पुढे आला. "बघायचा?"

"बघू की," ती म्हणाली, आणि फोनकडे वाकली नाही.

पॅकी तीन पेले घेऊन आला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि तिन्ही पेले घेऊन परत गेला.

त्या दिवशी दुपारी ब्लॉनिदच्या वहीत नोंद झाली ती अशी : माथ्यावरून गेलेले चेंडू, वीस. ब्रॉफी, एकोणीस बरोबर. चुकलेला एक आत असताना बाहेर धरलेला. टूही, नऊ बरोबर. चित्रफितीची लांबी बावन्न मिनिटं सहा सेकंद. तिच्या शेवटच्या चार मिनिटं अकरा सेकंदांत खांबावरून एकही चेंडू गेला नाही.